फोडलेल्या बोंडांचे गणित शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

परत न ठेवता घेतलेल्या नमुन्याचे संभाव्यता वितरण, म्हणजे कोणता निकाल किती संभाव्य आहे याची मांडणी, कशी काढायची, हे आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, हिरवी बोंडे समोर ठेवून शिकवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार. गुलाबी बोंडअळी आत आहे की नाही हे बाहेरून सहसा कळत नाही, बोंड फोडावेच लागते, आणि फोडलेले बोंड पुन्हा ढिगात ठेवून काही उपयोग नसतो. त्यामुळे ‘परत न ठेवता’ ही अट आमच्यासाठी शेतातूनच आलेली होती.

दहा बोंडांपैकी तीन किडकी आहेत असे धरून कोणतीही तीन फोडली, तर त्यांत किडकी किती निघतील, हा आपला प्रश्न होता. एकही न निघण्याची संभाव्यता आपण आधी ७/१०, ६/९ आणि ५/८ यांच्या गुणाकाराने काढून घेतलीत. मग तीच किंमत मोजणीतून आणलीत, कारण दहांतून तीन निवडण्याचे १२० प्रकार आणि सात निरोगी बोंडांतून तीन निवडण्याचे ३५. एक किडके निघण्याचे ६३, दोन निघण्याचे २१, तिन्ही किडकी निघण्याचा १. बेरीज बरोबर १२० भरते की नाही, हे पाहिल्याशिवाय आपण पुढे जाऊ देत नव्हतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्या बोंडाचे उत्तर. पहिल्यात काय निघाले हे ठाऊक नसेल, तर दुसरे किडके असण्याची संभाव्यता २७/९०, म्हणजे पुन्हा ३/१०च येते. म्हणूनच किडक्या बोंडांची सरासरी परत ठेवली तरी आणि न ठेवली तरी ०.९ राहते, प्रचरण, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, मात्र ०.६३ वरून ०.४९ वर उतरते, कारण फोडलेले प्रत्येक बोंड उरलेल्यांविषयी काहीतरी सांगून जाते. हजारो बोंडांच्या शेतात हा फरक नगण्य होतो आणि द्विपद वितरण, म्हणजे बोंड परत ठेवून काढलेले वितरण, पुरते, हेही आपण तेव्हाच सांगितले होते.

आज पदवीला संख्याशास्त्र शिकताना हेच हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणून समोर आले, तेव्हा सूत्रातला प्रत्येक अवयव कुठून येतो हे मला आधीच ठाऊक होते. परीक्षेत न विचारला जाणारा हा भाग आपण वर्ग सुटल्यावर थांबून शिकवलात, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी