भर उन्हातली सक्तीची फेरी

महोदय,

मुलुंड पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेने एप्रिलच्या सुरुवातीला फलकावर सूचना लावली, की सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात पाळीव कुत्र्यांना आवारात फिरवू नये व लिफ्टमधूनही नेऊ नये. त्या वेळात ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारतात, मुले खेळतात, हे कारण खोटे नाही. मी स्वतःही त्याच ज्येष्ठांपैकी आहे. परंतु फाटक सहाला उघडत असल्यामुळे सकाळची फेरी आपोआप साडेनऊ-दहावर ढकलली गेली आहे.

‘मुंबईत पारा तेहेतीस-चौतीसच असतो, विदर्भातली कुत्री जगतातच ना?’ असे सभेत विचारले गेले. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकताना जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जातो, तेव्हा कुठे त्याचे अंग निवते. आपल्या दमट हवेत नेमके हे उडून जाणेच मंदावते, त्यामुळे पारा कमी दिसला तरी जिवाला सुटका नसते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचे हाल तर विचारूच नयेत. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते ४१ च्या वर गेले, तर उष्माघाताने प्राणही जाऊ शकतो. शिवाय पायांखाली तापलेले पेव्हर ब्लॉक असतात. ज्या फरशीवर आपल्याला तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नाही, तिथे आपण चपला घालून उभे राहतो आणि तो मात्र अनवाणी चालतो.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा पग आवारातच लाळ गाळत खाली बसला. बर्फ शोधायला चौघे धावले. पण सुरक्षारक्षकाने झाडांना पाणी घालायचा पाइप त्याच्या पोटावर आणि पंजांवर धरला, आणि पशुवैद्यकाकडे पोहोचेपर्यंत कुत्रे तग धरून राहिले.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. मात्र दुपारी बारा वाजता नोकराच्या हाती साखळी देणारे किंवा बंद गाडीत कुत्रे ठेवून खरेदीला जाणारे मालकही निर्दोष नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याच्या देखभालीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकलेली आहे.

माझी मागणी लहानशी आहे. पावसाळा सुरू होईपर्यंत वाहनतळामागची मोकळी पट्टी सकाळी सहा ते साडेसात कुत्र्यांसाठी ठेवावी. साखळी बांधण्याची आणि घाण उचलण्याची सक्ती खुशाल करावी. तिकडे फेऱ्या मारायला आम्हा म्हाताऱ्यांपैकी कोणी फिरकतही नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई