पडदा, माया आणि बाबांची लुंगी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बाबा दोन मिनिटांत "हं, आईशी बोल" म्हणतात आणि आईला काही सांगायला घेतलं की ती अर्ध्यातच हसत सुटते. शिवाय या प्रकरणात एक कबुलीजबाब आहे. तो तोंडानं द्यायची माझी छाती नाही, म्हणून लिहितोय.

मी पडदा शिवला. मी म्हणजे मीच, सुनेचा यात हात नाही.

चिऊच्या खोलीची खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्या वहीवर येतं. बाजारात तयार पडदे मिळतात पाच फुटी नाहीतर सात फुटी आणि आम्हाला हवा साडेचार फुटी. आखूड करून देणारे टेलर "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले, असं तीन आठवडे म्हणाले. घरात विजेवरचं एक छोटं मशीन दोन वर्षं खोक्यातच पडून होतं. म्हटलं, ज्या घरात रात्री मशीनच्या खडखडाटाशिवाय झोप लागायची नाही त्या घरातला मुलगा मी, चार सरळ टिपा मारता येणार नाहीत?

नाही आल्या. आई, तू गल्लीतल्या मुलींना शिकवताना आधी दोरा न ओवता कागदावर टीप मारायला लावायचीस ना, ते आठवून चिऊच्या वहीचं रेघांचं पान घेतलं. भोकं रेघेवर कमी आणि रेघेच्या आजूबाजूला जास्त. पेडलवर पाय जरा जोरात पडला की पान एकदम पुढे पळायचं. तरी दुसऱ्या दिवशी दोरा ओवला आणि खरी गंमत सुरू झाली. वरून टीप छान दिसायची आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा हा गुंता! मी तासभर बॉबिनला शिव्या देत होतो. गुंता खाली म्हणजे दोष खालच्या दोऱ्याचा, असं मला वाटलं. दोष वरच्याचा निघाला. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. तो खाली असेल तर दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि मोकळा सुटून खाली जाऊन साचतो. हे तुला सांगतोय म्हणजे काय, तू आत्ता कपाळावर हात मारला असशील.

कापड रविवार पेठेतून आणलं. सुती, मोहरीच्या रंगाचं, 54 इंची पन्हा, तीन मीटर. दोन पाखं काढायची होती. पहिली कात्री तिरकी गेली, ती सरळ करता करता दोन-तीन बोटं कापड वाया गेलं. आडवा धागा ओढून काढायचा आणि उमटलेल्या रेघेवर कात्री चालवायची, हे मला कापून झाल्यावर आठवलं. मग उरलेलं पुरवत पुरवत बेतलं. वर दांडीपुरती जागा, खाली जेमतेम अर्धा इंच दुमड. बरोबर 54 इंच लांब पडदा झाला. टीप पंचगंगेसारखी वळणं घेत गेलीय, पण लांबून कळत नाही. चार दिवस आल्यागेल्याला खिडकीपाशी नेऊन दाखवला.

पाचव्या दिवशी त्यावर सरबत सांडलं म्हणून धुतला. वाळवून लावला तर खालून उन्हाची पट्टी आत. टेप लावली. 54 चे 51 झाले होते.

बाबा, आता तुम्ही 1904 सालापासून सुरू कराल, दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तिथपासून. करा, माझा हक्क नाही काही म्हणायचा. सायझिंगमध्ये, सुताला खळ चढवण्यात जन्म घालवलेल्या माणसाचा मुलगा कोरं कापड न भिजवता कात्री लावतो! तुमच्या शर्टाला येणारा खळीचा वास मला अजून आठवतो. मागावर उभा धागा ताणून धरलेला असतो, पाण्यात गेला की तो अंग आवळून घेतो, म्हणून लांबीला जास्त आटतं आणि पन्ह्याला कमी, हे तुम्ही जेवताना किती वेळा सांगितलं असेल. मी तेव्हा फक्त आमटी ओरपत होतो.

आणि आई, खाली दुमडीत जादा कापडाची माया सोडली नव्हती. पोटात तीन-चार बोटं माया असती तर उसवून खाली सोडता आली असती. माझ्या खाकी चड्डीची तू दर जूनला सोडायचीस तशी. चौथी ते सहावी ती एकच चड्डी चालली, खाली न विटलेल्या कापडाचे गडद पट्टे एकाखाली एक. त्या पट्ट्यांची मला वर्गात इतकी लाज वाटायची की मी दप्तर मांडीवर ठेवून बसायचो. परवा टेप हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो तेव्हा ते पट्टे आठवले.

आता कबुलीजबाब. खाली पट्टी जोडायची तर पुन्हा कोरं कापड नको, ते वेगळं आटणार आणि शिवणीला चुण्या पडणार. आटायचं तेवढं आटून झालेलं कापड हवं. कपाट शोधलं. बाबा, मागच्या दिवाळीला तुम्ही इथं विसरलेली ती निळ्या चौकड्यांची लुंगी सापडली. शंभरदा तरी धुतलेली असेल. कडेला कात्रीनं बारीक खाच दिली आणि टर्रकन फाडली. सुती कापड धाग्यावर इतकं सरळ फाटतं की माझी कात्री लाजली. चार-चार इंचांच्या दोन पट्ट्या काढल्या, शिवणीत नि दुमडीत एक इंच गेला आणि पडदा पुन्हा 54. मोहरीवर निळ्या चौकड्या बऱ्या दिसतात. चिऊ त्याला "आबांचा पडदा" म्हणते. तुम्ही फोनवर लुंगीबद्दल दोनदा विचारलंत तेव्हा मी "बघतो" म्हणालो होतो, तेव्हा ती खिडकीला लटकत होती.

आणखी एक. पायमशीन न्यायला कुणीतरी आलं होतं म्हणालीस. देऊ नको. गुडघ्यांमुळे पाय मारवत नाही, कळतं मला, पण त्या जुन्या मशीनला छोटी मोटर बसते. दिवाळीला येताना घेऊन येतो. पट्टा बाबा बसवतील. दर खंडेनवमीला झेंडूचा हार घालण्याआधी तेलपाणी तेच करत आलेत. दिवाळीत चार दिवस मला शेजारी बसवून शिकव. गल्लीतल्या साऱ्या मुली शिकून गेल्या, मी तेवढा राहिलो.

तुमचा,
बंड्या

ता. क. : आता उशांचे अभ्रे काढतोय. कापड कालपासून बादलीत भिजतंय. आई, माया दोन बोटं सोड म्हणतेस, ती तुझी दोन की माझी?