स्ट्रिप नेहमीसारखीच कापा

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बाबा दर वेळी विचारतात, "अभ्यास काय म्हणतोय?" आणि मी "बरा चाललाय" म्हणून विषय बदलते. 35व्या वर्षी नोकरी सोडून डिझाइन शिकायला गेलेली मुलगी रात्री दोन वाजता पुठ्ठे कापत बसते, हे फोनवर सांगितलं तर तुमचीच झोप उडायची. म्हणून हे पत्र.

पहिले दोन महिने वाईट गेले. तेव्हा मुद्दाम बोलले नाही. वर्गातली सगळी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्या ज्युरीत, म्हणजे शिक्षकांपुढे काम मांडतात तेव्हा, मी दिव्याचं एक मॉडेल ठेवलं, कड न् कड जुळलेली. बाईंनी ते हातात फिरवलं आणि एवढंच विचारलं, "हे कुणासाठी?" मला काही सुचेना. (बाबा, तुम्हीही निघताना हेच विचारलं होतं. तुमच्यावर मी चिडले होते, बाईंवर चिडायची सोय नव्हती.)

उत्तर सुट्टीत घरी सापडलं. बाबा खिडकीशी उभं राहून गोळ्यांची स्ट्रिप उजेडात तिरकी करून बघत होते. चंदेरी कागदावर बारीक अक्षरं, त्यात मुदतीची तारीख एका टोकाला, आणि ते टोक आईनं कधीच कात्रीनं कापून टाकलेलं. उरलेल्या तुकड्यावर औषधाचं नावही अर्धंच.

परत आल्यावर हे स्टुडिओत सहज बोलता बोलता सांगितलं. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा कटर खाली ठेवून म्हणाला, "माझी आजी गोळ्यांच्या रंगावर चालते. कंपनीनं रंग बदलला की घोटाळा." संध्याकाळपर्यंत टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. इथे मदत हवी का, असं कुणी विचारत नाही. येतात आणि स्टीलच्या पट्टीचं दुसरं टोक दाबून धरतात. एका दमात कापू नको, हलक्या हातानं तीनदा फिरव, हे मला माझ्याहून तेरा वर्षांनी लहान मुलीनं शिकवलं.

बाईंनी मग दोन अमेरिकन डिझायनर बायकांची गोष्ट सांगितली. पॅट्रिशिया मूर 1979 मध्ये 26 वर्षांची होती. अंधुक दिसेल असा चष्मा, कानात बोळे, सांध्यांना पट्ट्या, असा म्हातारीचा वेष करून ती जवळजवळ तीन वर्षं अधूनमधून अमेरिका आणि कॅनडातली शंभराहून जास्त शहरं फिरली. दुसरी डेबोरा ॲडलर. तिच्या आजीनं चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या, म्हणून शिकत असतानाच तिनं औषधाची बाटली नव्यानं आखली. सपाट, मोठं लेबल. पुढे घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचं कडंही आलं. 2005 मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीच्या औषध दुकानांत ती बाटली आली.

आम्हीही चष्म्यांना व्हॅसलिन फासलं, बोटांच्या पेरांना चिकटपट्टी गुंडाळली आणि गोळी काढायला बसलो. पहिलीच गोळी उडाली ती थेट टेबलाखाली. ती शोधत रांगताना आई, तू आठवलीस. पलंगाखाली बॅटरी मारून शोधत होतीस आणि मी वैतागून म्हणाले होते, "जाऊ दे ना, दुसरी घे." दहा मिनिटं शोधूनही आम्हाला ती सापडली नाही.

आता पाचवा नमुना चालू आहे. प्रत्येक गोळीमागे नाव आणि तारीख छापायची, म्हणजे कुठूनही कापा, मजकूर शाबूत. काही स्ट्रिपवर तसं असतंही, पण अक्षर मुंगीएवढं. अक्षर मोठं केलं की गोळ्यांमधलं अंतर वाढतं, अंतर वाढलं की स्ट्रिप खोक्यात मावत नाही. काल रात्री यावरून दोघं इतके भांडले की पहारेकरी डोकावून गेला. मला मात्र इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दिव्याचं मॉडेल मोडून त्याचा पुठ्ठा नमुन्यांना वापरला.

एक काम आहे. रिकाम्या स्ट्रिप टाकू नका, पिशवीत साठवून ठेवा. बाबा, जिथे वाचता येत नाही तिथे पेनानं फुली मारा, आणि मला बरं वाटावं म्हणून कमी फुल्या मारू नका. आई, तू कात्री नेहमी चालवतेस तशीच चालव. माझ्याकडे पाठवायच्या म्हणून नीट कापायला जाशील, तर आमचा सगळा खेळच बिघडेल.

तुमची,
धाकटी