उजव्या हाताला चुकू दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

तुमच्याकडील उपचार संपून आता पाच महिने झाले. हे पत्र मी उजव्या हाताने लिहीत आहे. अक्षर अजूनही ओळीच्या वरखाली जाते, पण ते माझे आहे हे ओळखू येते. आभार खरे तर तेव्हाच मानायला हवे होते. परंतु त्या दिवसांत सही करतानासुद्धा कागद फाटत असे.

लहान मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली, तेव्हा या अवयवाविषयी शाळेच्या पुस्तकातील एका आकृतीपलीकडे मला काहीच आठवत नव्हते. तुमच्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी ‘हातात शक्ती नाही’ असे सांगून मला रबरी चेंडू दाबायला दिला होता आणि तीन आठवडे मी तो इमानेइतबारे दाबत बसलो. मूठ घट्ट होत गेली, पेला मात्र ओठांऐवजी गालालाच लागत राहिला. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्यासमोर बोट धरलेत आणि आधी त्याला, मग माझ्या नाकाला स्पर्श करायला सांगितलेत. निघताना बरेचसे स्थिर असलेले माझे बोट नाक जवळ येईल तसतसे थरथरू लागले आणि शेवटी डोळ्याखाली जाऊन टेकले. त्यानंतर तुम्ही मला कोपर वाकवून हात स्वतःकडे खेचायला लावलात, मनगट धरून तो उलट दिशेने ओढलात आणि एकदम सोडून दिलात. माझी मूठ माझ्याच तोंडावर आदळणार, तोच तुमचा दुसरा तळहात मध्ये आला. “शक्ती भरपूर आहे. कुठे थांबायचे ते हाताला कळत नाही,” एवढेच तुम्ही म्हणालात. चेंडू त्याच दिवशी कपाटात गेला.

मी विचारत गेलो आणि तुम्ही न कंटाळता सांगत गेलात, याचे मला आजही अप्रूप वाटते. मेंदूच्या एकूण आकारमानाचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज असतात, हे ऐकून मी ‘लहान’ या शब्दावर हरकत घेतली होती. इजा उजवीकडे झाली की उलट बाजूचे हातपाय जातात, असे मी ऐकून होतो. लहान मेंदूकडून निघालेला संदेश मोठ्या मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातो आणि तिथून स्नायूंकडे येणारी वाट पुन्हा बाजू बदलते, त्यामुळे इथे उजव्याचा भोग उजव्यालाच, हा हिशेब तुम्ही माझ्या तपासणीच्या कागदामागे दोन तिरप्या रेघा ओढून दाखवलात. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवरून लहान मेंदूच्या दुखापतींचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या गॉर्डन होम्स यांच्या एका रुग्णाचे म्हणणेही तुम्हीच सांगितलेत: डावा हात नकळत आपले काम करतो, उजव्याच्या प्रत्येक हालचालीचा मात्र विचार करावा लागतो. माझी अवस्था इतक्या नेमक्या शब्दांत मला स्वतःलाही सांगता आली नव्हती.

माझे खरे ऋण मात्र वेगळे आहे. पेला कलंडू लागला की माझी पत्नी सावरायला पुढे होई आणि तुम्ही तिला नजरेनेच थांबवत असा. पाणी सांडे, मला राग येई, तुम्ही पेला पुन्हा भरून ठेवत असा. हा कठोरपणा मला लहान मेंदूतील पर्किन्जे नावाच्या चेतापेशींची रचना कळल्यावर उमगला. १८३७ मध्ये पर्किन्जे यांनी वर्णन केलेली ही पेशी पसरलेल्या पंख्यासारखी सपाट असते. त्या पंख्यातून काटकोनात जाणारे समांतर तंतू तिच्याशी लाखाहून अधिक जोडण्या करतात आणि हातपाय कुठे आहेत, मोठ्या मेंदूने कोणता हुकूम सोडला आहे, अशा असंख्य बातम्या तिला पोहोचवतात. याउलट तिला वेटाळून चढणारा तंतू फक्त एक असतो. तो सरासरी सेकंदाला एखादाच संदेश देतो. पण अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडल्याची वर्दी त्याच्याकडून येते, असे मानले जाते. ती आली की त्या वेळी जागे असलेल्या जोडण्यांचा जोर कमी होतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये या धर्तीची कल्पना मांडली. मासाओ इटो यांच्या प्रयोगांनी तिला आधार दिला. पर्किन्जे पेशी स्वतः फक्त रोखण्याचेच काम करते. तिच्याकडून हालचालीला गती मिळते ती लगाम ढिला सोडण्यातून.

डोळ्यांनी पाहून चूक दुरुस्त करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात हात पुढे निघून गेलेला असतो. म्हणून आधीच अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकल्याशिवाय सुधारत नाही. पत्नीने पेला सावरला असता, तर माझ्या उरलेल्या लहान मेंदूला चुकीची वर्दीच मिळाली नसती. लहान मेंदूचे संदेश बाहेर पाठवणारे चेतापेशींचे खोलवरचे पुंजके, म्हणजे केंद्रके, इजेतून वाचली आहेत, त्यामुळे सुधारणेला वाव आहे, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितले होतेत. आश्वासन मात्र एकदाही दिले नाहीत.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही. पाय फाकवून झोकांड्या खात जाताना लोकांनी मला दारूडा समजावे, यात त्यांचा दोष नव्हता. दारूने बिघडतो तोही प्रामुख्याने हाच भाग, असे तुम्ही सांगितलेत, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी हसलो होतो.

परवा सकाळी शर्टाची बटणे लावत असताना आतून कोणी काही विचारले आणि मी उत्तर दिले. बोलणे संपले तेव्हा गळ्याजवळचे बटण लागलेले होते. ते कधी लावले, हे मला आठवेना.

आपला ऋणी,
तुमचा एक रुग्ण