टोलच्या एसएमएसवर किती दिवस भागवायचे? द्राक्ष निर्यातीविषयी वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : निर्यात कंटेनरच्या आरएफआयडी नोंदी निर्यातदाराला प्रमाणित स्वरूपात मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

मी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचे पॅकहाऊस चालवतो. जानेवारी ते एप्रिल या हंगामात आमच्याकडून युरोपला जाणारा प्रत्येक रीफर (शीतकरण यंत्र असलेला) कंटेनर भरून झाला, की त्याच्या दाराच्या कडीत बोल्ट सील मी स्वतःच्या हाताने बसवतो. बोटाएवढा जाड लोखंडी खिळा आणि त्यावर चढणारी प्लास्टिकची टोपी एवढेच ते दिसते. खट्ट असा आवाज आला की पुढे ते कटरशिवाय निघत नाही. त्या टोपीत आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी, चिप असते. पूर्वी सील लावण्यासाठी सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्याची वाट पाहावी लागे. २०१७ पासून निर्यातदाराने इलेक्ट्रॉनिक सील स्वतः लावावे आणि सीलचा क्रमांक, कंटेनर, शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा अर्ज), ट्रेलर व सील लावल्याची तारीख-वेळ ही माहिती ऑनलाइन भरावी, अशी पद्धत आली. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही; भरलेला कंटेनर केवळ एका सहीसाठी अंगणात उभा राहण्याचे दिवस आम्ही पाहिलेले आहेत. माझे म्हणणे आहे ते या आणि अशा टॅगांनी वाटेत केलेल्या नोंदींचे पुढे काय होते, याविषयी.

गेल्या हंगामातील एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आमचा कंटेनर संध्याकाळी साडेसहाला निघाला. घोटीचा टोल, कसारा घाट आणि मग रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पडघ्याचा टोल. न्हावा शेवा येथे बंदराच्या आत त्याची नोंद झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मधले साडेचौदा तास. त्यातले प्रवासाचे तीन-चार सोडले, तर उरलेले साडेदहा ते साडेअकरा तास कंटेनर कुठेतरी उभा होता. उभ्या ट्रेलरवर रीफर चालतो तो जेनसेटच्या (जनरेटरच्या) डिझेलवर आणि त्या रात्री ते केव्हातरी संपले. उणे अर्ध्या अंशावर ठेवायची द्राक्षे रॉटरडॅमला उतरली तेव्हा देठ तपकिरी पडले होते, मणी मऊ लागत होते आणि खरेदीदाराने किमतीत मोठी कपात मागितली.

वाहतूकदार म्हणाला, गाडी बंदराबाहेर रांगेत होती. जहाज कंपनी म्हणाली, आमची जबाबदारी गेट-इननंतरची, म्हणजे गाडी बंदराच्या दारातून आत आल्यानंतरची. विम्याच्या सर्वेक्षकाने विचारले, रांगेत होती याला आधार काय? आमच्याजवळ आधार म्हणून दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती : पडघ्याला फास्टॅगमधून पैसे कापल्याचा वाहतूकदाराच्या मोबाइलवर आलेला एसएमएस. सर्वेक्षकाने तो वाचला आणि मोबाइल परत केला. गाडी रात्री पडघ्याला होती एवढेच त्यातून कळत होते. ती बंदराच्या दारात केव्हा पोहोचली, हे त्यात कुठून असणार?

येथे या तंत्राविषयी थोडे लिहितो, कारण सरकारी सादरीकरणांत आरएफआयडीला सरसकट ‘ट्रॅकिंग’ म्हटले जाते आणि त्यातून गैरसमज होतो. आमच्या सीलमधील किंवा ट्रेलरच्या काचेवरील फास्टॅगमधील चिपला बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या अँटेनातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यावर पडतात, त्याच लहरींच्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक परत पाठवते आणि पुन्हा निजते. तिला स्वतःचा ठावठिकाणा ठाऊक नसतो, तापमान ठाऊक नसते, वेळही ठाऊक नसते. ठिकाण आणि वेळ यांची नोंद वाचक यंत्र करते. म्हणून टॅग म्हणजे माग काढणारा जीपीएस नव्हे, तर प्रत्येक नाक्यावर हजेरी देणारा पोऱ्या आहे. दोन नाक्यांमध्ये तो मुका असतो. साहजिकच या व्यवस्थेची सारी किंमत दोनच गोष्टींवर ठरते : हजेरीचे नाके योग्य जागी आहेत का आणि हजेरीपट ज्याचा माल आहे त्याला पाहता येतो का.

पहिली गोष्ट बऱ्याच अंशी झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ मध्ये लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली आणि कंटेनरला टॅग लावून बंदराची दारे, टोलनाके, कंटेनर फ्रेट स्टेशने (बंदराबाहेरील कंटेनरचे तळ) येथे त्याच्या नोंदी घेण्याचे काम सुरू झाले. हे काम करणारी कंपनी आपल्याच मंत्रालयाच्या छत्राखालील औद्योगिक कॉरिडॉर महामंडळ आणि जपानची एनईसी यांनी मिळून उभी केली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे प्रत्येक ट्रेलर स्वतःही एक टॅग घेऊन फिरतो. या सगळ्या माहितीला एका जागी जोडणारा युलिप हा मंच सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आला.

अडचण दुसऱ्या गोष्टीत आहे. कंटेनर क्रमांक टाकून डेटा बँकेच्या संकेतस्थळावर आम्ही मुक्काम पाहू शकतो, पण त्या पडद्याचा फोटो काढला म्हणून तो पुरावा होत नाही. युलिपमधील माहिती घ्यायची तर नोंदणी करून आपली संगणकप्रणाली त्या मंचाशी जोडावी लागते. हंगामात दिवसरात्र पॅकिंग करणाऱ्या आणि उरलेले आठ महिने दारे बंद असणाऱ्या पॅकहाऊसकडे अशी प्रणाली कोठून येणार? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकातील नोंद पुरावा म्हणून मांडायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यावर नोंद सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. आमच्या मालाची हजेरी सरकारच्या वहीत आहे, वहीची नक्कल द्यायची मात्र कुणावर सक्ती नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एवढीच आहे, की शिपिंग बिल ज्याच्या नावावर आहे त्या निर्यातदाराने अर्ज केल्यास सीलचा क्रमांक, कंटेनर, ट्रेलर आणि प्रत्येक नाक्यावरील वाचनाची जागा व वेळ दाखवणारा एकत्रित उतारा कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह ठरावीक दिवसांत व माफक शुल्कात मिळावा. सातबारा ऑनलाइन आणि डिजिटल स्वाक्षरीने मिळू शकतो, तर हे अशक्य नसावे. समुद्रमार्गे नेलेल्या मालाच्या दाव्याची मुदत साधारण एक वर्षाची असते. या नोंदी त्याहून अधिक काळ जपून ठेवल्या जाव्यात. सीलच्या नोंदी अर्थ मंत्रालयाच्या सीमाशुल्क खात्याकडे आणि फास्टॅगच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे आहेत याची मला कल्पना आहे, पण तीन मंत्रालयांच्या दारी एका पॅकहाऊसवाल्याने फिरण्यापेक्षा ते बोलणे आपण करणे सोपे आहे.

याच्या जोडीने एक हजेरीचा नाका कमी पडतो, तो म्हणजे रांगेचा. बंदराच्या दारातील नोंद गाडी आत गेल्याची असते, ती येऊन थांबल्याची नसते. पार्किंग प्लाझाच्या तोंडाशी आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाचन होऊन ती वेळही उताऱ्यात आली, तर आमचे ते दहा-अकरा तास कुणाच्या खात्यात मांडायचे हे वादाशिवाय ठरेल. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. तेथील दारे अजून कागदावर आहेत, तोवरच हा नाका आराखड्यात घेतला तर नंतर खोदकाम करावे लागणार नाही.

ग्रेपनेटचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आपल्या मंत्रालयाच्या अपेडाने (कृषी निर्यात प्राधिकरणाने) २००६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत युरोपात पोहोचलेल्या पेटीवरून द्राक्षे कोणत्या प्लॉटची, हे शोधता येते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा असा माग काढता येण्याचे मोल नाशिकच्या प्रत्येक बागायतदाराला कळले. बागेपासून पॅकहाऊसपर्यंतचा मागोवा ग्रेपनेटमध्ये आहे आणि पॅकहाऊसपासून जहाजापर्यंतचा टॅगांमध्ये. ग्रेपनेटमध्ये कंटेनर व सील क्रमांकाच्या आधाराने या नोंदी आपोआप येऊन बसल्या, तर दोन्ही टोके जुळतील.

हे वाचून एखादा सल्लागार प्रत्येक पेटीवर आरएफआयडी सक्तीचा करा असे सुचवील, म्हणून आधीच सांगतो : कृपया तसे करू नये. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवरून परावर्तित होतात. द्राक्ष म्हणजे बहुतांशी पाणी आणि कंटेनर म्हणजे धातूची पेटी. पॅलेटच्या मधल्या पेट्यांचे टॅग वाचले जातील याची खात्री देता येत नाही आणि न वाचलेल्या पेटीचा खुलासा मात्र आमच्याकडे मागितला जाईल. पेटीवरचा बारकोड पुरेसा आहे.

पुढचा हंगाम जानेवारीत सुरू होईल. त्यापूर्वी प्रमाणित उताऱ्याचा आदेश निघाला, तर तो पहिल्याच कंटेनरपासून उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक द्राक्ष पॅकहाऊस चालक,
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक.

प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, अध्यक्ष, अपेडा.