बेल्ट बदलण्याआधी आवाज ओळखा

महोदय,

परदेशातील हिवाळ्याच्या तयारीविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. स्नो ब्लोअर, म्हणजे दारासमोरचा बर्फ उचलून बाजूला फेकणारे यंत्र, आवाज करू लागला की बेल्ट बदलून टाकावा, हा त्यातील सल्ला अपुरा आहे आणि कॅनडा-अमेरिकेतील आपल्या वाचकांना नाहक खर्चात पाडणारा आहे, म्हणून हे पत्र. बेल्ट बहुधा दुसऱ्याच भागाच्या दोषाची शिक्षा भोगत असतो. तो दोष तसाच राहिला, तर नवा बेल्टही लवकरच जळतो.

घरगुती दोन टप्प्यांच्या यंत्रात साधारणपणे दोन बेल्ट असतात. एक बेल्ट बर्फ आत ओढणारा मळसूत्रासारखा ऑगर आणि तो बर्फ बाहेर भिरकावणारा पंखा फिरवतो, दुसरा चाके. दोन्हींच्या लिव्हर वेगळ्या असल्यामुळे, मोकळ्या जागेत एकेक लिव्हर दाबून आवाज कोणत्या लिव्हरबरोबर येतो हे पाहिले की अर्धे निदान तिथेच होते. ऑगरची लिव्हर दाबताच कर्कश किंचाळी उठली आणि रबर जळल्याचा वास आला, तर बेल्ट घसरतो आहे एवढेच कळते. तो का घसरतो, हे पुढे शोधावे लागते. केबल सैल पडल्यामुळे ताण देणारी पुली बेल्टवर पुरेशी टेकत नसेल, तिचे बेअरिंग गंजून अडकले असेल, किंवा आदल्या संध्याकाळी आत राहिलेला ओला बर्फ रात्रीत गोठून पंखा घट्ट बसला असेल. या शेवटच्या प्रकारात इंजिनाची पुली गरगर फिरते, पंखा जागचा हलत नाही आणि मधला बेल्ट एकाच ठिकाणी घासला जाऊन धुरावतो. त्या ठिकाणी चपटा खड्डा पडला की पुढे प्रत्येक फेऱ्याला धपधप ऐकू येते, आणि मग मात्र बेल्ट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. काम संपल्यावर यंत्र काही मिनिटे रिकामे चालवले, तर ही वेळच सहसा येत नाही.

बेअरिंगची शंका असल्यास इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लगची तार काढावी, बेल्टवरचे झाकण उघडावे आणि ताणाची पुली हाताने फिरवून पाहावी. ती निमूट फिरली पाहिजे. वाळू चावल्यासारखी करकर बोटांना जाणवली, तर दोषी तीच. गावाकडे गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात, त्या आठवणीने येथे काहीजण घसरणाऱ्या बेल्टवर चिकट फवारा मारतात. या यंत्रातल्या व्ही-बेल्टसाठी, म्हणजे पुलीच्या खाचेत बसणाऱ्या निमुळत्या बेल्टसाठी, हा उपाय टाळावा.

इंजिन व्यवस्थित चालते, पंखाही फिरतो, पण ऑगरची एक बाजू थांबलेली असते, तेव्हा बेल्टला हातही लावू नये. महापालिकेच्या गाड्या रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापर्यंत गाडी नेण्याच्या वाटेच्या, तोंडाशी जो कडक बर्फ लोटून जातात, त्यातला गोळा अडकून ऑगरला त्याच्या दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटलेली असते. गिअरबॉक्स वाचावा म्हणून ती मुद्दाम कमजोर केलेली असते, हे विसरून तिच्या जागी घरातला मजबूत बोल्ट घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग स्वस्तातल्या पिनेऐवजी गिअरबॉक्सच मोडतो.

लेखात सुरक्षिततेचा उल्लेखच नव्हता, ही गंभीर उणीव आहे. इंजिन बंद केल्यावरही बेल्टमध्ये ताण उरलेला असू शकतो आणि अडकलेला बर्फ सुटताच पंखा झटका देऊन फिरतो. त्यामुळे तुंबलेले तोंड मोकळे करताना हात कधीही आत घालू नये. यंत्रासोबत मिळालेली काठीच वापरावी. आवाज तपासण्यासाठी यंत्र बंद गॅरेजमध्ये चालवू नये, कारण इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही.

— एक वाचक, मिसिसागा, कॅनडा