हसू मोजून मगच सुई हाती घेणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम यांना,
सादर नमस्कार.

मोकळेपणाने हसताना माझ्या वरच्या हिरड्या फार दिसतात, ही तक्रार घेऊन मी आपल्याकडे येण्यापूर्वी अन्यत्र विचारणा केली होती, तेव्हा मला थेट बोटॉक्सच्या इंजेक्शनचा दर सांगण्यात आला होता. आपण मात्र आधी ओठ सैल असताना व पूर्ण हसताना किती दात आणि किती हिरडी दिसते ते मोजले, दातांची उंची पाहिली आणि मगच बोलायला सुरुवात केलीत. त्या मोजमापासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे.

वरच्या जबड्याचे हाड उभ्या दिशेने अधिक वाढलेले असेल तर प्रश्न ऑर्थोडॉन्टिक (दात व जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या) उपचारांचा आणि शस्त्रक्रियेचा असतो, हिरडीने दातांचा भाग झाकला असेल तर हिरडीची कड वर घ्यावी लागते, आणि ओठ उचलणारे स्नायू प्रमाणाबाहेर जोर लावत असतील तर बोट्युलिनम टॉक्सिनचा, म्हणजे बोटॉक्समधील औषधाचा, खरा उपयोग होतो, हे आपण आरशासमोर बसवून समजावलेत. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारे रसायन, सुटणे हे औषध रोखते, म्हणून स्नायूचे आकुंचन सौम्य होते. नाकपुडीच्या बाजूला ओठ उचलणारे तीन स्नायू जवळ येतात, तो 'योन्सेई बिंदू' आपण बोटाने चाचपून दाखवलात. कोरियातील विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ती जागा तेव्हापासून माझ्या चांगलीच लक्षात राहिली आहे.

पोर्टो रिकोतील ऑर्थोडॉन्टिस्ट मारिओ पोलो यांनी २००८ मध्ये ३० रुग्णांवरील या इंजेक्शनचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यात दोन आठवड्यांनंतर ओठ सरासरी सुमारे ५ मिलिमीटर खाली आलेला आढळला, हे आपल्याकडूनच कळले. तरीही माझ्या बाबतीत तेवढा बदल साधायचा आग्रह आपण धरला नाहीत. तरुण चेहऱ्यावर हसताना थोडी हिरडी दिसणे स्वाभाविक आहे आणि मात्रा वाढली तर ओठ लांबट, हसू सपाट किंवा एका बाजूला कललेले दिसू शकते, असे सांगून आपण कमी मात्रेने सुरुवात केलीत आणि दोन आठवड्यांनी पाहून मगच पुढचे ठरवू म्हणालात. मला वाटते, रुग्णाला जे हवे त्याहून थोडे कमी देण्याचे हे धैर्य फार मोलाचे आहे.

गरोदरपण, स्तनपान किंवा स्नायूंचा काही आजार असल्यास हे इंजेक्शन टाळावे, हेही आपण न विचारता सांगितलेत, आणि परिणाम साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतो हे खर्चाचा विषय निघण्याआधीच स्पष्ट केलेत. आता माझे हसू माझेच वाटते. हिरडी थोडी दिसते आणि मला ती खटकत नाही. परिणाम ओसरू लागला की पुन्हा इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे आपण काढून ठेवलेली छायाचित्रे शेजारी ठेवून ठरवायला मी आपल्याकडेच येईन.

मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण